शुक्रवारची यादी आणि आपल्या गावची टॉकीज

सेलूच्या एका ताईंनी विचारलंय: "दर आठवड्याला पेपरात 'या शुक्रवारी प्रदर्शित' म्हणून पाच-सहा नावं येतात. परभणीत त्यातली एक-दोनच लागतात. मराठी असेल तर सकाळी सव्वानऊचा एकच खेळ, आणि सोमवारी बघावं तर तोही गायब. आमची अठरा जणींची भिशी आहे, महिन्यातून एकदा सगळ्या मिळून पिक्चरला जातो. कोणता पिक्चर खरंच लागणार हे कधी आणि कुठून कळेल? आणि बऱ्या वेळेचा खेळ मिळवता येतो का?"

ताई, प्रश्न दोन दिसतात, पण गाठ एकच आहे. पेपरातली यादी निर्मात्यांची असते, टॉकीजवाल्यांची नसते. निर्मात्याने तारीख जाहीर केली की चित्रपट 'प्रदर्शित' होतो. मग तो मुंबई-पुण्याच्या तीस पडद्यांवर लागो की राज्यभर तीनशे पडद्यांवर. तुमच्या जवळच्या टॉकीजची यादी वेगळीच बनते. ती सोमवार दुपार ते बुधवार रात्र या अडीच दिवसांत बनते, आणि तिथे पेपरातली जाहिरात कुणी विचारात घेत नाही. त्यामुळे सोमवारी 'आपल्याकडे लागणार का' असं विचारलंत तर मॅनेजरही "बघू" म्हणेल, आणि तो टाळत नसतो. त्याला खरंच माहीत नसतं. अपवाद फक्त मोठ्या नटांच्या सणासुदीच्या चित्रपटांचा. त्यांचं दोन-तीन आठवडे आधीच ठरलेलं असतं.

आता कुठे काय चालतं हे टॉकीज कसली आहे त्यावर आहे. साखळीतलं मल्टिप्लेक्स असेल तर कोणता चित्रपट किती वाजता, हे मुंबई किंवा गुरुग्रामच्या ऑफिसातली प्रोग्रॅमिंगची माणसं ठरवतात. इथला मॅनेजर फार तर सुचवतो. गावातली एकपडदा टॉकीज किंवा स्थानिक मालकाचं दोन-तीन पडद्यांचं थेटर असेल तर मालक आणि त्याचा बुकर ठरवतो. बुकर म्हणजे वितरकांशी बोलून पाच-पंचवीस टॉकीजांसाठी चित्रपट उचलणारा माणूस. तुमच्यासारख्यांचं म्हणणं ऐकलं जाण्याची शक्यता या दुसऱ्या प्रकारात कितीतरी जास्त.

मराठवाड्यापुरती आणखी एक गंमत आहे. हिंदी चित्रपटाच्या धंद्यात देशाचे जे जुने विभाग पाडलेत, त्यांना सर्किट म्हणतात. त्यात मराठवाडा मुंबई सर्किटमध्ये नाही, 'निझाम'मध्ये मोडतो. तेलंगणा, बिदर-गुलबर्ग्याचा पट्टा आणि आपले जिल्हे, असा तो जुन्या हैदराबाद संस्थानाचा नकाशा. संस्थान १९४८ साली विलीन झालं, १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, पण फिल्मवाल्यांच्या वहीत तो अजून निझामच्या पानावर आहे. आज मोठ्या कंपन्या थेट देशभर चित्रपट लावतात, तरी हक्कांची विक्री आणि उपवितरकांची साखळी बऱ्याच वेळा याच जुन्या रेषेवर चालते. मराठी चित्रपट मात्र मुंबई-पुण्याच्या वितरकाकडून येतो. म्हणजे एकाच पडद्यासाठी दोन दिशांनी फोन येतात, आणि दोघांनाही शुक्रवारचा संध्याकाळचा सहाचा खेळ हवा असतो. नांदेडकडे देगलूर, धर्माबाद, किनवट या सीमेवरच्या भागात तिसरी दिशाही आहे, तेलुगूची.

आता ते अडीच दिवस बघू. टॉकीजचा मॅनेजर रोज रात्री शेवटचा खेळ सुरू झाला की डीसीआर भरतो, म्हणजे दिवसाच्या कलेक्शनचा तक्ता. एका ओळीत खेळाची वेळ, मग बाल्कनी आणि स्टॉलचा दर, किती तिकिटं गेली, एकूण रक्कम, त्यातून जीएसटी वजा, उरला तो नेट. चार खेळांच्या चार ओळी, खाली बेरीज, कोपऱ्यात सही. पूर्वी हा कागद पोस्टाने जायचा, आता व्हॉट्सॲपवर फोटो जातो किंवा सॉफ्टवेअरमधून आपोआप. शुक्रवार-शनिवार-रविवारचे तीन तक्ते सोमवारी सकाळी वितरकासमोर असतात. पण खरं लक्ष असतं सोमवारच्या बारा आणि तीनच्या खेळांवर. रविवारी कशालाही गर्दी होते. सोमवारी कामधंदा सोडून कोण येतं, त्यावरून चित्रपटाचा दम कळतो. ढोबळ हिशेब असा की सोमवारचं कलेक्शन शुक्रवारच्या निम्म्याच्या वर राहिलं तर चित्रपट टिकला, खाली गेलं तर उतरवायची तयारी. तुमचा मराठी चित्रपट सोमवारनंतर दिसत नाही त्याचं कारण हेच. काही वेळा तर शनिवारीच खेळ कमी झालेला असतो, कारण शुक्रवारी सकाळच्या खेळाला सात-आठ माणसं होती.

सोमवारी संध्याकाळी चालू चित्रपटातला कोणता ठेवायचा ते ठरतं. मंगळवारी नव्याच्या अटींवर घासाघीस. अटी चार तऱ्हेच्या असतात. टक्केवारी म्हणजे नेटमधला ठरलेला हिस्सा. ॲडव्हान्स म्हणजे आधी उचल, नंतर हिशेबात वजा. एमजी म्हणजे मिनिमम गॅरंटी: टॉकीज आधी ठोक रक्कम देते, बुडाली तर टॉकीजची. आणि भाडं म्हणजे उलटं: निर्माता किंवा वितरक टॉकीजला आठवड्याचं ठरलेलं भाडं देतो, मग तिकीट विको न विको, खेळ चालतात. मल्टिप्लेक्सांत टक्केवारी चालते. २००९ साली निर्माते आणि मल्टिप्लेक्स यांच्यात दोन महिने ओढाताण होऊन जो करार झाला, त्यात वितरकाचा हिस्सा पहिल्या आठवड्यात ५० टक्के, दुसऱ्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५ आणि पुढे ३० असा ठरला. आजही बोलणी साधारण याच आकड्यांभोवती फिरतात.

छोट्या मराठी चित्रपटाची अडचण भाड्याच्या तऱ्हेत आहे. चित्रपट चालेल की नाही याची खात्री नसली की गावची टॉकीज म्हणते, भाडं भरा आणि लावा. शिवाय डिजिटल प्रक्षेपणाची यंत्रणा पुरवणाऱ्या कंपनीला निर्माता वेगळे पैसे मोजतो, त्याला व्हीपीएफ म्हणतात. मुंबई-पुणे-नाशकात हे पैसे सुटतात. परभणी, हिंगोली, धाराशिवात सुटतील का, अशी शंका आली की निर्माता तुमचा जिल्हा सोडून देतो. म्हणजे तुमच्या टॉकीजवाल्याने चित्रपट नाकारला असंच नेहमी नसतं. बऱ्याचदा तो त्याला कुणी देऊच केलेला नसतो. या दोन गोष्टींतला फरक लक्षात ठेवा, कारण तुम्ही फोन कुणाला करायचा ते त्यावरून ठरेल.

एक साधा हिशेब करून दाखवतो. तिकीट १५० रुपये, त्यात १८ टक्के जीएसटी धरलेला. (२२ सप्टेंबर २०२५ पासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटाला ५ टक्के आणि त्यावरच्याला १८ टक्के.) मराठी चित्रपटाच्या सहाच्या खेळाला २५ माणसं आली तर गल्ला ३,७५० रुपये. कर जातो साधारण ५७२, नेट उरला ३,१७८. निम्मा वितरकाचा, टॉकीजच्या हातात १,५८९. यात एसीचं तीन तासांचं बिल, प्रोजेक्टरचा दिवा, तिकीट खिडकीवरचा, दारावरचा, केबिनमधला आणि झाडूवाला, अशी चार-पाच माणसं. वीज गेली तर जनरेटरचं डिझेल. त्याच खेळात हिंदी चित्रपटाला ७० माणसं आली तर गल्ला १०,५००, नेट सुमारे ८,८९८, टॉकीजचा हिस्सा ४,४४९. वर सत्तर माणसांचं कॅन्टीन, आणि कॅन्टीनच्या पैशात वितरकाचा वाटा नसतो. मालक सव्वानऊचा खेळ देतो तो मराठीचा वैरी असतो म्हणून नाही. सहाचा खेळ २५ माणसांना देणं त्याला परवडत नाही. अर्थात हेही खरं की सहाचा खेळ दिलाच नाही तर त्या वेळी ७० येतात का, हे कळायचं कसं? सकाळी सव्वानऊला बाईमाणसाने स्वयंपाक, डबे, लेकरांची शाळा सोडून यायचं आणि मग 'पब्लिक येत नाही' म्हणायचं, हा कांगावा आहे. माझं मत विचाराल तर गावाकडच्या मराठी चित्रपटाला दुपारी बारा किंवा तीनचा खेळ सगळ्यात बरा. तो मागणंही सोपं, कारण त्या वेळी हिंदीलाही फारशी गर्दी नसते.

बरं, सव्वानऊच का? लांबीचं गणित आहे. अडीच तासांचा चित्रपट म्हणजे १५० मिनिटं. मध्यंतर १५, जाहिराती आणि ट्रेलर १५, हॉल रिकामा करून झाडायला १५. झाली १९५ मिनिटं, सव्वातीन तास. सकाळी ९.१५ ला सुरू केलं तर पुढचे खेळ १२.३०, ३.४५, ७.०० आणि १०.१५ असे पाच बसतात. चित्रपट तीन तासांचा असेल तर एका खेळाला पावणेचार तास लागतात: ९.१५, १.००, ४.४५, ८.३०. चारच खेळ. म्हणजे ज्या आठवड्यात तीन तासांचा मोठा हिंदी चित्रपट येतो, त्या आठवड्यात पडद्यावरचा एक खेळ आधीच कमी होतो, आणि पहिली कात्री मराठीवर चालते. वर मोठ्या चित्रपटाचा वितरक एकपडदा टॉकीजला अट घालतो की सगळे खेळ आम्हालाच, नाहीतर चित्रपट नाही. त्यामुळे यादीत मराठी चित्रपटाचं नाव बघाल तेव्हा त्याच शुक्रवारी सोबत कोणता हिंदी किंवा दाक्षिणात्य चित्रपट आहे आणि तो किती लांबीचा आहे, तेही बघा. लांबी सेन्सॉरच्या प्रमाणपत्रावर असते, तिकिटाच्या ॲपवरही असते. २ तास ५० मिनिटांच्या वर काही दिसलं तर मराठीच्या दुपारच्या खेळाची आशा त्या आठवड्यापुरती सोडा.

सरकारी नियमाचं काय, असं कुणीतरी विचारेलच. २०१५ साली राज्य शासनाने मल्टिप्लेक्सांनी मराठी चित्रपट प्राइम टाइममध्ये दाखवावेत असं सांगितलं. आधी संध्याकाळी सहा ते नऊ अशी वेळ होती. मल्टिप्लेक्सवाल्यांशी चर्चा झाल्यावर ती दुपारी बारा ते रात्री नऊ अशी सैल झाली. नियम हाताशी आहे, पण तो 'मराठी चित्रपट' म्हणतो, 'तुम्हाला हवा तो मराठी चित्रपट' म्हणत नाही.

मराठवाड्याचं पंचांगही यात आहे, आणि मुंबईतल्या प्रोग्रॅमिंगवाल्याला ते नेहमी कळतंच असं नाही. दिवाळीच्या आसपास मोंढ्यात सोयाबीन आलं, कापसाचा पहिला वेचा झाला की हातात पैसा असतो, तेव्हा टॉकीज भरतात आणि मोठे हिंदी चित्रपट पडदे सोडत नाहीत. दसऱ्यानंतर धारूर, वडवणी, पाटोद्याकडची माणसं ऊसतोडीला गेली की बीड जिल्ह्यातल्या गल्ल्यावर त्याचा परिणाम दिसतो. ती उन्हाळ्यात परततात. फेब्रुवारी-मार्चमध्ये बारावी-दहावीच्या परीक्षा. लातूर आणि नांदेडमध्ये क्लासच्या पोरांची गर्दी मोठी, म्हणून तिथे हा फरक जास्त जाणवतो. रमजानच्या महिन्यात संभाजीनगर, बीड, परभणी, नांदेडमध्ये संध्याकाळचे खेळ सुने जातात आणि ईदला एकदम गर्दी होते. आता या पंचांगात तुमच्यासाठी फटी शोधा: परीक्षांचे दिवस, रमजानचे आठवडे. मोठे चित्रपट या काळात कमी येतात, मालकाला रिकामा पडदा टोचत असतो, आणि बारा-तीनच्या खेळासाठी तो तुमचं ऐकतो. भिशीचा पिक्चरचा महिना ठरवताना हे धरलंत तर अर्धं काम झालं. एप्रिल-मेमध्ये मात्र आधी एसी नीट चालतो का ते विचारा. चाळीसच्या वर पारा गेल्यावर कूलरवरच्या टॉकीजमध्ये तीनचा खेळ म्हणजे शिक्षा आहे.

थोडक्यात, इथवर जे झालं ते असं: पेपरातली यादी हा अंदाज, खरं ठरतं सोमवार ते बुधवार, आणि ठरवणारा माणूस चित्रपटाची गुणवत्ता न बघता पडद्याच्या एकेका खेळाचा हिशेब बघतो.

आता तुमचा पहिला प्रश्न, कळणार कधी. बुधवारी रात्री नऊनंतर बुकमायशो आणि डिस्ट्रिक्ट ही दोन्ही ॲपं उघडा, शहर परभणी निवडा, आणि शुक्रवारच्या तारखेवर टिचकी मारा. तारखेखाली टॉकीजचं नाव आणि वेळ दिसली तरच चित्रपट लागला. नुसतं पोस्टर आणि 'लवकरच' किंवा 'इंटरेस्टेड'चं बटण दिसत असेल तर ती जाहिरात समजा. गुरुवारी दुपारपर्यंत बहुतेक सगळं चित्र साफ होतं. छोट्या एकपडदा टॉकीज ॲपवर नसतातही. तिथे गुरुवारी संध्याकाळी दारावर बोर्ड बदलतो, किंवा सरळ फोन. वेळ बघताना भाषाही बघा. दाक्षिणात्य चित्रपटाच्या एकाच नावाखाली तेलुगू आणि हिंदी असे दोन खेळ असतात, आणि घाईत तेलुगूचं तिकीट काढून बसलेली माणसं दर मोठ्या चित्रपटाला सापडतात. टूडी-थ्रीडीचंही तसंच, थ्रीडीचं तिकीट महाग आणि चष्म्याचं भाडं काही ठिकाणी वेगळं.

प्रमाणपत्रही नीट वाचा. २०२४ च्या शेवटापासून यूएचे तीन भाग झालेत: यूए ७+, १३+ आणि १६+. त्या वयाखालच्या लेकराला नेता येतं, पण ते योग्य आहे का हे आईबापाने ठरवायचं. 'ए' असेल तर अठराखालच्याला कुणाबरोबरही प्रवेश नाही, आणि दारावर आधार कार्ड मागतात. अठरा जणींत कुणी सतरा वर्षांची लेक सोबत आणणार असेल तर तिथे वाद घालून उपयोग नसतो.

बुधवारी दिसलेला खेळ शुक्रवारी होईलच का? बहुधा होतो, पण एक जागा कच्ची आहे. चित्रपट आता रिळात येत नाही. हार्ड डिस्कवर, उपग्रहावरून किंवा इंटरनेटवरून शंभर-दोनशे जीबीची फाइल येते आणि केबिनमधल्या सर्व्हरवर चढवायला तास-दोन तास लागतात. फाइल आली म्हणजे चित्रपट आला असं नाही. ती कुलूपबंद असते. तिची चावी, म्हणजे केडीएम, वेगळी येते. ऑपरेटर लोक नुसतं 'की' म्हणतात. ही की त्या एकाच सर्व्हरसाठी बनवलेली असते आणि तिच्यावर सुरुवातीचा आणि शेवटचा दिवस-वेळ लिहिलेला असतो. गुरुवारी रात्री केबिनमध्ये बघाल तर ऑपरेटर दर दहा मिनिटांनी सर्व्हरच्या पडद्यावर नाव तपासत असतो: चित्रपटाचं नाव आहे, शेजारचं कुलूप अजून उघडलंय का? निर्मात्याने डिजिटल कंपनीचे पैसे थकवले असतील तर की अडते. सर्व्हरचा एखादा भाग दुरुस्तीत बदलला असेल आणि नवा क्रमांक कळवायचा राहिला असेल तर आलेली की त्याला लागतच नाही. मोठ्या चित्रपटाचं हे सगळं दोन दिवस आधी तपासलेलं असतं. छोट्या चित्रपटाचं शुक्रवारी सकाळपर्यंत ताणतं. म्हणून छोट्या मराठी चित्रपटाच्या पहिल्याच दिवशीचा पहिला खेळ बाहेरगावाहून येणाऱ्यांनी धरू नये. सेलूहून गाडीभाडं खर्चून आलात आणि 'की आली नाही' ऐकून परत फिरलात, तर तिकिटाचे पैसे मिळतील, गाडीभाडं मिळणार नाही. पहिला दिवस टाळून शनिवारी या. रविवारपलीकडे ढकलू नका. कारण वर सांगितलंय.

आता चांगल्या वेळेचा खेळ मागायचा कसा. फोन सोमवारी दुपारनंतर किंवा मंगळवारी सकाळी करा. बुधवारी संध्याकाळी केलात तर वेळापत्रक वर गेलेलं असतं आणि बदलायला कुणी तयार नसतो. तिकीट खिडकीवर विचारून फायदा नाही. मॅनेजरचं नाव विचारा आणि त्याच्याशीच बोला. 'मराठी चित्रपट लावा' असं मोघम म्हणू नका. असं म्हणा: "अमुक चित्रपट येत्या शुक्रवारचा. शनिवारी बारा किंवा तीनचा खेळ ठेवलात तर आमची अठरा तिकिटं नक्की, पैसे आजच भरतो." आकडा, दिवस, वेळ आणि आगाऊ पैसे या चार गोष्टी ऐकल्या की मॅनेजर बुकरला फोन करतो, कारण त्याच्या हातात सांगायला काहीतरी असतं.

अठरा तिकिटांवर स्वतंत्र खेळ मिळणार नाही, हे आधीच सांगतो. वरच्या हिशेबाने १५० दराने तुमची अठरा तिकिटं म्हणजे २,७०० गल्ला आणि टॉकीजच्या हातात सुमारे १,१४४ रुपये. पण ठरलेल्या एका खेळाची वेळ सव्वानऊवरून बारावर सरकवायला अठरा पुरतात, विशेषतः छोट्या टॉकीजमध्ये. संबंध खेळ फक्त तुमच्यासाठी हवा असेल तर हॉलच्या तिसऱ्या हिश्श्याची ते निम्म्या खुर्च्यांची हमी मागतात. २०० खुर्च्यांचा हॉल असेल तर सत्तर ते शंभर. त्याला दुसऱ्या भिश्या, शाळेच्या शिक्षिका, अंगणवाडीच्या ताया, बचत गट जोडून घ्या. सेलू, मानवत, पाथरी, जिंतूर मिळून सत्तर बायका जमवणं अवघड नाही, फक्त एकीने पुढाकार घेऊन पैसे आधी गोळा करायचे. येते म्हटलेल्या सत्तरातल्या पन्नासच येतात, हे कुठल्याही गटाचं गणित.

चित्रपट परभणीला देऊच केला नसेल, म्हणजे मॅनेजर "आमच्याकडे आलाच नाही" म्हणाला, तर त्याच्यामागे लागू नका. चित्रपटाच्या पोस्टरवर तळाशी वितरकाचं नाव असतं, आणि निर्मात्याचं इन्स्टाग्राम-फेसबुक असतं. तिथे लिहा की परभणीत अमुक टॉकीज तयार आहे, आमची इतकी तिकिटं पक्की आहेत. छोट्या निर्मात्याला अशा एका निरोपाची किंमत मोठी असते. पहिल्या आठवड्यात नाही जमलं तर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात गावोगाव चित्रपट फिरवण्याची पद्धत अजून आहे, आणि तेव्हा अटीही मऊ झालेल्या असतात.

खेळ ठरला की तिकिटांचं. बुकमायशोवर एका वेळी दहाच तिकिटं निघतात. दोघींनी दोन फोनवरून एकाच वेळी नऊ-नऊ काढा, आधी फोनवर बोलून ओळ ठरवून: एकीची एच, दुसरीची तिच्या मागची जे. (बऱ्याच हॉलमध्ये आय ही ओळ नसते, एकच्या आकड्याशी घोळ होतो म्हणून.) खुर्च्या निवडल्यावर पैसे भरायला मोजकी मिनिटं मिळतात, तेवढ्यात यूपीआय अडकलं तर खुर्च्या सुटतात. टॉकीज जवळ कुणी राहत असेल तर सरळ खिडकीवरून घ्या. ॲपचं सुविधा शुल्क अठरा तिकिटांवर बरंच होतं. हॉलच्या मागच्या तिसऱ्या हिश्श्यात, मध्यभागी बसा. एकपडदा टॉकीजमध्ये बाल्कनीची पहिली ओळ टाळा, कठडा आडवा येतो.

डब्यांचं शेवटी सांगतो, कारण भिशी म्हटल्यावर चकल्या-धपाटे आलेच. सर्वोच्च न्यायालयाने ३ जानेवारी २०२३ रोजी सांगितलंय की बाहेरचे पदार्थ आत आणू न देण्याचा अधिकार टॉकीजला आहे. मात्र पिण्याचं पाणी फुकट ठेवलं पाहिजे आणि तान्ह्या बाळाचं खाणं अडवता येत नाही. मॅनेजरशी फोनवर बोलाल तेव्हाच "मध्यंतरात अठरा चहा आणि अठरा समोसे तुमच्या कॅन्टीनमधून" असं सांगून टाका. वर म्हटलंच आहे की कॅन्टीनचा पैसा वितरकाला द्यावा लागत नाही. या एका वाक्याने बाराच्या खेळाचं पारडं बरंच झुकतं. धपाटे परतीच्या गाडीत खा.